साइटची साक्ष साइटबाहेर

मघाशी प्रश्न आला, की ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट खरी ना? नाही. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि त्या साइटच्या मध्ये जे काही जातं-येतं ते वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे भामटा बसला असेल, तर भामट्याशी तुमचं गुपचूप बोलणं चाललंय, इतकंच! कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकटही मिळतं आणि भामट्यालाही मिळतं. हा गैरसमज इतका रुजला होता, की गूगलने २०२३ मध्ये संगणकावरच्या क्रोममधून ते कुलूपच हटवलं. पत्त्याच्या शेवटी 'डॉट ऑर्ग' आहे म्हणजे साइट भरवशाच्या संस्थेची, हाही तसाच गैरसमज. ते कुणालाही विकत घेता येतं.

मग बघायचं कुठे? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी एक मजेदार प्रयोग केला. दहा इतिहासकार, पंचवीस विद्यार्थी आणि दहा तथ्यतपासनीस त्यांनी संगणकापुढे बसवले. त्यांना दाखवलेल्या दोन साइट बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांच्या होत्या, आणि त्यातली जास्त भरवशाची कुठली ते ठरवायचं होतं. एक 'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स', १९३० पासूनची, हजारो डॉक्टरांची. दुसरी 'अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स', समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याच्या वादातून २००२ मध्ये फुटून निघालेला छोटासा गट. नावं ऐकून फरक कळतोय का? निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांना दुसरीच भरवशाची वाटली. बऱ्याच इतिहासकारांनाही नीट ठरवता येईना. जन्मभर कागदपत्रांची छाननी करणारी माणसं ही!

चूक त्यांच्या बुद्धीची नव्हती, वाचण्याच्या पद्धतीची होती. बोधचिन्ह, मांडणी, संदर्भांची यादी, 'आमच्याविषयी'चं पान, हे सगळं ती त्याच साइटवर बसून मन लावून वाचत राहिली. आता 'आमच्याविषयी'त कोण स्वतःबद्दल वाईट लिहील? तथ्यतपासनीस मात्र काही क्षणांतच तिथून बाहेर पडले. शेजारी दोन-चार टॅब उघडून संघटनेचं नाव शोधलं, बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात ते पाहिलं आणि मगच मूळ पानाकडे वळले. दहापैकी दहा जणांचं उत्तर बरोबर आलं, तेही कमी वाचून.

पण बाहेर विचारतानाही एक फसगत होते. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून विकिपीडियावर कोआटी या प्राण्याला 'ब्राझिलियन आर्डव्हार्क' असं मनानेच रचलेलं दुसरं नाव चिकटवून दिलं. ते वर्तमानपत्रांनी उचललं. पुढे त्याच पानावर पुरावा म्हणून वर्तमानपत्राचा दाखला लागला! हे वर्तुळ कळायला २०१४ उजाडलं.

म्हणून एखादी गोष्ट चार ठिकाणी सापडली, की मी आधी तारखा लावून बघतो. विकिपीडियावर हे सोपं आहे. प्रत्येक पानाचा इतिहास तिथे उघडा असतो, कुठला शब्द कधी शिरला ते दिवस-वेळेसकट दिसतं. बातमी त्यानंतरची निघाली, तर तिला मी स्वतंत्र साक्षीदार धरत नाही. चारातून ती वजा.