खिडकीच्या कडेने येणारी थंडी

श्रोतेहो, नमस्कार. इथे जर्मनीत भाड्याच्या घरात होतो तेव्हा जानेवारीत माझा दिवस फडक्याने सुरू व्हायचा. खिडकीखाली साचलेलं पाणी टिपायचं आणि मग चहा. काच डबल होती, ती कोरडीच असायची. ओल यायची चौकटीलगतच्या भिंतीला, कोपऱ्यात. फेब्रुवारीत तिथे काळी बुरशी धरली.

लोखंडी उलथनं कढईत ठेवलं की दांडा पोळतो, लाकडी डाव मात्र हातात धरवतो. तेच इथे उलट्या दिशेने चालतं. घरातली ऊब दगड, काँक्रीट, ॲल्युमिनियम अशा वाटेने बाहेर निसटते. इंजिनियर मंडळी हिला थर्मल ब्रिज म्हणतात. ॲल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजारपटीहून जास्त वाहते. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर भिंत साडेबारा अंशांखाली गेली की बुरशीला रान मोकळं. सव्वानऊच्या आसपास थेंबच धरतात.

म्हणून तुम्ही इथे नवं घर बांधत असाल, तर तीन काचांच्या खिडकीचा भाव विचारण्याआधी ती भिंतीत नेमकी कुठे बसणार ते विचारा. आमचा गवंडी विटेच्या मधोमध बसवत होता. मी ती बाहेर सरकवायला लावली, इन्सुलेशनच्या, म्हणजे ऊब अडवणाऱ्या थराच्या रेषेत, आणि ते इन्सुलेशन चौकटीवर तीन-चार सेंटिमीटर चढवून घेतलं. कुरकुर झाली. होऊ दे! १९९१ साली डार्मस्टाटला पहिल्या पासिव्हहाउसमध्ये, म्हणजे अगदी थोड्या इंधनात ऊबदार राहणाऱ्या घरात, चार कुटुंबं राहायला गेली, त्या घरांमागचा विचार हाच: ऊब धरणारा थर घराभोवती कुठेही तुटता कामा नये.

आपल्याकडे खिडकीखाली आतून बाहेरपर्यंत ग्रॅनाइटची एकच लादी टाकतात. पुण्यात चालतं. इथे ती लादी म्हणजे थंडीला घातलेल्या पायघड्या. आतली वेगळी, बाहेरची वेगळी, मध्ये इन्सुलेशन, असंच करा. खिडकीवरच्या गुंडाळत्या शटरची पेटीही तपासा, ती बहुधा आतून पोकळ असते.

आणि चौकट नि भिंत यांच्यामधल्या फटीत नुसता फोम मारून मोकळं होऊ देऊ नका. आतल्या बाजूने हवाबंद टेप हवीच, नाहीतर खोलीतली दमट हवा फटीत शिरून तिथेच गार होते. बाहेरची टेप पाऊस अडवणारी, पण वाफ जाऊ देणारी. हे सगळं गिलाव्याआधी स्वतः जाऊन बघा, बोट फिरवून बघा, फोटो काढून ठेवा. गिलावा चढला की आत काय आहे ते कळायला पुढचा जानेवारी उजाडावा लागतो.