पानावर डाग पडण्याआधी

पहाटेचे दव अजून वाळलेले नाही. शेतात गहू उभा आहे, पाने हिरवीगार आहेत आणि कितीही बारकाईने पाहिले तरी रोगाचे एकही लक्षण सापडणार नाही. तरीही तांबेरा या बुरशीजन्य रोगाचे बीजाणू, म्हणजे बुरशीचे बीजासारखे सूक्ष्म कण, या पानांवर उतरलेले असू शकतात, कारण बीजाणू रुजल्यापासून पानावर पहिली नारिंगी पुळी उठेपर्यंत, तापमानानुसार, साधारण एक ते दोन आठवडे जातात. आणि पुळी एकदा फुटली की तिच्यातून हजारो नवे बीजाणू हवेत जाऊ लागतात. रोग आपल्याला दिसतो तेव्हा त्याची पुढची पिढी वाटेला लागलेली असते. हवेवर पाळत ठेवण्याचा सारा खटाटोप चालतो, तो या मधल्या न दिसणाऱ्या दिवसांसाठी.

शेताच्या कडेला उभे असलेले हे उपकरण म्हणजे बीजाणू सापळा. १९५२ साली इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील संशोधन केंद्रात जे. एम. हर्स्ट यांनी अशा सापळ्याची रचना प्रसिद्ध केली, आणि आज जगभर वापरले जाणारे अनेक सापळे त्याच तत्त्वावर चालतात. आतला पंप दर मिनिटाला १० लिटर हवा एका अरुंद फटीतून ओढून घेतो. ही फट १४ मिलिमीटर लांब आणि केवळ २ मिलिमीटर रुंद असते. मागचे शेपटीसारखे पाते वारा जिकडून येईल तिकडे फटीचे तोंड वळवत राहतो. आत शिरलेली हवा अडथळ्याजवळ चटकन वळते, पण तिच्यासोबतच्या जड कणांना तसे वळता येत नाही. ते सरळ पुढे जाऊन चिकट पट्टीवर आदळतात आणि तिथेच अडकतात.

हर्स्ट यांच्या रचनेतली खरी कल्पकता पुढे आहे. ही पट्टी स्थिर नसते, ती तासाला २ मिलिमीटर या वेगाने सरकते. त्यामुळे २४ तासांची हवा ४८ मिलिमीटर पट्टीवर क्रमाने उमटते, आणि किती बीजाणू आले एवढेच नव्हे, तर ते कोणत्या सुमारास आले हेही वाचता येते. या नोंदींतून हवेचा एक दिनक्रमच समोर आला. तांबेरा आणि पानांवर डाग पाडणारी अल्टरनेरिया ही बुरशी यांचे कोरडे बीजाणू ऊन चढल्यावर, वारा सुटल्यावर अधिक मिळतात. उलट ज्या बुरशा आपले बीजाणू पाण्याच्या जोरावर स्वतःच उडवतात, त्यांची गर्दी पावसानंतर किंवा दमट रात्री होते. कोणत्याही एकाच वेळी थोडी हवा तपासून समाधान मानणे म्हणूनच फसवे ठरते.

आता प्रयोगशाळेत येऊ. पट्टीचे दिवसागणिक तुकडे करून ते काचपट्टीवर चढवले आहेत आणि रंग दिला आहे. गव्हाच्या तांबेऱ्याचा बीजाणू २० ते ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, सोनेरी तपकिरी, अंगावर बारीक काटे असलेला दिसतो. अल्टरनेरियाचा बीजाणू गदेसारखा असून त्यात उभे-आडवे पडदे असतात. भुरीचे बीजाणू रंगहीन आणि पिंपाच्या आकाराचे असतात. परागकण, धूळ आणि इतर असंख्य निरुपद्रवी बुरशांमधून हे ओळखून मोजायला सरावलेली नजर लागते आणि एकेका काचपट्टीवर बराच वेळ जातो. या कामाचे श्रेय क्वचितच कुणाला मिळते, पण पुढचा प्रत्येक अंदाज याच मोजणीवर उभा असतो.

नजरेलाही मर्यादा आहेत. एकाच कुळातले बीजाणू इतके सारखे दिसतात की नेमकी जात सांगता येत नाही. अशा वेळी पट्टीचा काही भाग डीएनए तपासणीसाठी दिला जातो. त्यातून जात ओळखता येते, आणि एखाद्या बुरशीनाशकाला दाद न देणारा बदल तिच्या जनुकांत आला आहे का, हेही काही वेळा कळते. मात्र डीएनए मेलेल्या बीजाणूचाही सापडतो. बटाट्याच्या करप्याचेच पाहा: काटेकोर वर्गीकरणानुसार त्याचा कारक जीव बुरशी नाही, तरी त्याचा प्रसार बुरशीसारखाच हवेतून होतो, आणि कडक उन्हात सापडलेले त्याचे बहुतेक बीजाणू तासाभरात निकामी होतात. म्हणून काही ठिकाणी सापळ्याशेजारी कोवळी निरोगी रोपेही दिवसभर उघड्यावर ठेवतात आणि नंतर आत नेऊन त्यांच्यावर रोग येतो का ते पाहतात. जिवंत पुरावा हवा असेल, तर ही साधी पद्धत अजूनही भरवशाची आहे.

सापळा कुठे ठेवायचा, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. बहुतेक बीजाणू आपल्या उगमापासून थोड्याच अंतरावर खाली बसतात, त्यामुळे पिकातला सापळा त्या शेताचीच गोष्ट सांगतो. पिकाच्या वर निसटलेला थोडासा अंश मात्र फार लांब जाऊ शकतो. भारतीय वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवून दिले, की भारतातील सपाट प्रदेशाच्या उन्हाळ्यात गव्हाचा तांबेरा टिकत नाही. तो थंड डोंगराळ भागांत तग धरतो आणि तिथून वाऱ्याबरोबर पुन्हा खाली येतो. असा पाहुणा पकडायचा असेल तर सापळा उंचावर हवा, आणि एक सापळा पुरत नाही.

बीजाणू आले म्हणजे रोग येणारच, असेही नाही. पान पुरेसा वेळ ओले राहिले तरच बीजाणू रुजून आत शिरू शकतो. सफरचंदावरील खवड्या रोगासाठी १९४४ साली वनस्पतिरोगतज्ज्ञ डब्ल्यू. डी. मिल्स यांनी यासंबंधीचा तक्ता मांडला: १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे ९ तासांचा ओलावा संसर्गाला पुरतो, थंडीत त्याहून बराच जास्त लागतो. त्यामुळे सापळ्याचा आकडा पानावरच्या ओलाव्याची आणि तापमानाची नोंद शेजारी ठेवूनच वाचायला हवा. माझ्या मते या साऱ्या खटपटीचा मोठा लाभ फवारणीची वेळ कळण्याइतकाच ती टाळण्यात आहे. हवा स्वच्छ आहे आणि पाने कोरडी आहेत हे नोंदींवरून माहीत असलेला शेतकरी तारखेकडे पाहून औषध मारत नाही, आणि बुरशीलाही त्या औषधाची सवय लागण्याची संधी कमी मिळते.

आठवडा संपला आहे. ज्यावर पट्टी गुंडाळलेली असते ते सापळ्यातले पिंप बाहेर काढले जाते, त्यावर नवी पट्टी चढते आणि पट्टी सरकवणाऱ्या घड्याळाला पुन्हा चावी दिली जाते. पट्टी जिथून सुरू होते तिथे बारीक खूण करून वहीत तारीख आणि वेळ लिहिली जाते; या नोंदीत दोन तासांची चूक झाली, तर सगळी पट्टी ४ मिलिमीटरने सरकून भलत्याच वेळेची हवा दाखवेल. पंप सुरू होतो, आणि फटीचे तोंड पुन्हा वाऱ्याच्या दिशेने वळते.