जांभा, पुळण आणि पायातला बूट

नमस्कार श्रोतेहो. कोकणात घरातून निघून पाच-सहा किलोमीटर धावलं, तर पायाखाली काय काय येतं पाहा. आधी डांबरी रस्ता, मग पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, वर सड्यावरचा, म्हणजे माथ्यावरच्या पठारावरचा, तांबड्या जांभ्याचा कातळ नि सुटी खडी, उतरताना काजूच्या बागेतला पाचोळा आणि शेवटी पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू. बुटाच्या दुकानात मात्र गुळगुळीत लादी असते, आणि लादीवर कुठलाही बूट छानच वाटतो. म्हणून आपण जास्त कशावरून धावणार, ते आधी ठरवा.

दुकानात बूट उलटा करून बघा. रस्ता आणि सडा दोन्ही असेल तर तळाचे रबरी दाते ३ ते ४ मिलिमीटरचे पुरेत. ५-६ मिलिमीटरचे दाते मळ्यातल्या चिखलासाठी. ते डांबरावर लवकर झिजतात, आणि कातळावर पाय डुगडुगतो, कारण जमिनीला टेकतात ती फक्त दात्यांची टोकं. चिखलात दाते विरळच हवेत. दाटीवाटीचे असले तर लाल माती मध्ये बसते आणि दहा-वीस पावलांत तळ सपाट होतो.

आता बोटं बुटात घालून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चवड्याखालचा तळ दाबा. दाब आतल्या बोटांना स्पष्ट लागला, तर जांभ्याचा खडाही असाच लागणार. सड्यावर धावायचं तर तळात पातळ, कडक पट्टी असलेला बूट घ्या.

खरेदी संध्याकाळी करा, तोवर पाय थोडा सुजलेला असतो. धावतानाचे मोजे घालूनच माप घ्या. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर घाटी उतरताना बोटं आदळून नखं काळी पडतात. टाच मात्र हलता कामा नये. हलत असेल तर नाडीचं टोक त्याच बाजूच्या सर्वात वरच्या जादा भोकात घालून छोटा फासा ठेवा, दोन्ही बाजूंना तसंच करा, मग प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओढून गाठ मारा.

वॉटरप्रूफ बूट आपल्या पावसात नकोच. पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. जाळीचा बूट भिजतो, पण निथळतो. मोजे सुती नकोत, ओल्या सुताने फोड येतात.

शेवाळाचं काय? तिथे दाते रुतायला जागाच नसते. मऊ रबर थोडं धरतं, पण हिरव्या पायरीवर कुठल्याच बुटाचा भरवसा नाही. पावसाळ्यात पाखाडी चालतच उतरा, पायरीच्या मधोमध, अख्खा तळवा टेकवत. मधे वर्दळीने शेवाळ कमी राहतं, कडेला दाट असतं.

पुळणीसाठी आपल्याकडे फार सुंदर हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे नवाच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान, म्हणून सकाळी सहाच्या सुमारास पाणी लांब गेलेलं असतं. गुहागरची किंवा भाट्याची पुळण तेव्हा रुंद आणि घट्ट मिळते. अष्टमीला मात्र सकाळी सहालाच भरती, मग उरते वरची मऊ वाळू. तिच्यात पोटऱ्या आणि टाचेमागची शीर फार ताणली जाते. सवय नसेल तर त्या दिवशी सड्यावर जा. पुळण समुद्राकडे उतरती असते. जाताना एक पाय खालच्या अंगाला, येताना दुसरा. म्हणून जेवढं गेलात तेवढंच त्याच वाटेने परत या, एकाच दिशेला लांब जाऊ नका.

पायांची तयारी निदान महिनाभर आधी सुरू करा. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश वर-खाली, १५ वेळा, दोनदा. दात घासताना एका पायावर अर्धा मिनिट, मग दुसऱ्या. सुरुवातीला आठवड्यातून एकदाच, २० मिनिटं, खडबडीत वाटेवर. किलोमीटर मोजू नका, सड्यावरचा एक रस्त्यावरच्या एकापेक्षा जास्त दमवतो. उतारावर पावलं आखूड, नजर तीन-चार पावलं पुढे.

मळ्याच्या पाण्यातून जात असाल तर पायावरची प्रत्येक चीर चिकटपट्टीने झाका. लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू जखमेवाटे शिरतात. पुढे महिनाभरात ताप आला, तर चिखलातून धावल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

घरी आल्यावर बूट गोड्या पाण्याने धुवा, खारट जाळी सुकून कडक होते. आतली गादी काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, गोंद सुटून तळ उघडा पडतो. पडवीत, वाऱ्यावर राहू द्या. आणि सकाळी पाय घालण्याआधी बूट उलटा करून दोनदा आपटा, रात्री त्यात विंचू शिरून बसतो.