ओबिलिच: बेलग्रेडमधल्या एका वस्तीचा क्लब

श्रोतेहो, नमस्कार.

सर्बियात गुस्ले नावाचं एक वाद्य आहे. बहुधा एकाच तारेचं, गजानं वाजवायचं. ते वाजवत गायक जुन्या लढायांची कवनं गातो. आपल्या शाहिराच्या हाती डफ असतो, तिकडच्या शाहिराच्या हाती गुस्ले. त्या कवनांतला सगळ्यांचा लाडका वीर म्हणजे मिलोश ओबिलिच. १३८९ साली कोसोव्होच्या लढाईत त्यानं सुलतान मुरादला ठार केलं, असं ती कवनं सांगतात. १९२४ साली बेलग्रेड शहराच्या व्राचार भागात एक फुटबॉल क्लब निघाला आणि त्याला याच वीराचं नाव मिळालं. चाहते या संघाला ‘वितेझोवी’, म्हणजे सरदार-शिलेदार म्हणत.

आज मला याच ओबिलिच क्लबविषयी बोलायचं आहे.

बेलग्रेडचे दोन क्लब जगाला ठाऊक आहेत, रेड स्टार आणि पार्टिझान. दोन्ही १९४५ सालचे. महायुद्ध संपता संपता नवी कम्युनिस्ट राजवट आली, तिनं युद्धाआधीचे मोठे क्लब मोडीत काढले आणि हे दोन नवे संघ उभे राहिले. ओबिलिच वाचला, पण नाव गेलं. मध्ययुगीन सर्ब वीराचं नाव त्या काळात चालण्यासारखं नव्हतं. मग क्लब ‘चुबुरात्स’ झाला. चुबुरा ही व्राचारमधली जुनी वस्ती, तिथला राहणारा तो चुबुरात्स. १९५२ साली ओबिलिच हे नाव परत मिळालं. त्यानंतर कितीतरी वर्षं क्लब खालच्या श्रेणींतच खेळत राहिला. अशा क्लबांचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही, पण फुटबॉलचा संसार चालतो तो त्यांच्यावरच, असं मला मनापासून वाटतं.

१९९५ साली हा छोटा क्लब राष्ट्रीय चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. तिथे रेड स्टारनं त्याला हरवलं. तरी हे साल लक्षात ठेवा, कारण ज्या माणसाचं नाव पुढे या क्लबला कायमचं चिकटलं, तो तेव्हा अजून आलेला नव्हता.

तो आला १९९६ साली. झेल्को राझ्नातोविच, सगळे त्याला अर्कान म्हणत. बँका लुटल्याबद्दल युरोपातल्या अनेक देशांचे पोलीस त्याच्या मागावर होते. पुढे तो रेड स्टारच्या कडव्या पाठीराख्यांचा म्होरक्या झाला. १९९० साली त्याच गर्दीतून पोरं निवडून त्यानं स्वतःची सशस्त्र टोळी उभारली. तिला लोक ‘वाघ’ म्हणत. क्रोएशिया आणि बोस्नियातल्या युद्धांत या टोळीनं नागरिकांच्या हत्या केल्या. स्टेडियमच्या पायऱ्यांवर घोषणा देणारी मुलं बंदुका घेऊन गावांत शिरली. फुटबॉलवर प्रेम करणाऱ्या माणसाला हे वाचतानाही अंगावर काटा येतो.

अर्काननं ओबिलिच हाती घेतला आणि पैसा ओतला. स्टेडियम नवं केलं. १९९७ साली संघ पहिल्या श्रेणीत चढला आणि पहिल्याच हंगामात, १९९७-९८ मध्ये, थेट विजेता झाला. ३३ सामन्यांत हार फक्त एक. ओबिलिचचे ८६ गुण, रेड स्टारचे ८४. प्रशिक्षक होते द्रागान ओकुका. ते कसलेले होते यात शंका नाही, पुढे पोलंडमध्ये लेगिया वॉर्सालाही त्यांनी विजेतेपद मिळवून दिलं. पण विरोधी खेळाडूंना धमक्या मिळत, गोल करशील तर याद राख असं सांगितलं जाई, असे आरोप तेव्हापासून होत आले. मग मैदानात जीव तोडून खेळलेल्या त्या अकरा जणांचं काय? त्यांचा कुठला विजय घामाचा आणि कुठला भीतीचा, हे आता वेगळं काढता येत नाही. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं.

आणखी एक गोष्ट. त्याच हंगामात, १९९७ च्या सप्टेंबरमध्ये, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं बोस्नियातल्या अत्याचारांबद्दल अर्कानवर आरोपपत्र ठेवलं. ते गुप्त होतं. लोकांना कळलं १९९९ च्या मार्चअखेर.

विजेता म्हटल्यावर चॅम्पियन्स लीगचं, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचं, दार उघडलं. युरोपीय फुटबॉल संघटनेला अर्कानसारखा अध्यक्ष नको होता. तेव्हा तो बाजूला झाला आणि त्याची बायको, लोकप्रिय गायिका त्सेत्सा, अध्यक्ष झाली. पात्रता फेरीत ओबिलिचनं आधी आइसलँडच्या संघाला हरवलं, मग गाठ पडली जर्मनीच्या बलाढ्य बायर्न म्युनिकशी. म्युनिकमध्ये ४-० अशी हार झाली, परतीचा सामना १-१ असा सुटला. त्याच बायर्ननं त्या वर्षी पुढे अंतिम फेरी गाठली. चुबुराच्या क्लबनं त्यांना एका सामन्यात बरोबरीत रोखलं होतं, हे कुणी नाकारू शकत नाही.

१५ जानेवारी २००० रोजी बेलग्रेडच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात अर्कानची गोळ्या झाडून हत्या झाली. २००६ साली ओबिलिच सर्वोच्च श्रेणीतून खाली आला आणि मग उतरतच राहिला. सर्बियात सुपरलीगच्या खाली पहिली लीग, तिच्याखाली चार विभागांची सर्बियन लीग, तिच्याखाली परिसरवार लीग अशी उतरंड आहे. एकेकाळी बायर्नशी खेळलेला संघ या पायऱ्या भराभर उतरला. २०११ साली त्सेत्सानं ओबिलिचच्या खेळाडूंच्या विक्रीतल्या पैशांचा अपहार कबूल केला. शिक्षा झाली ती घरीच नजरकैदेची आणि १५ लाख युरो दंडाची. क्लबच्या अंगणात वाढलेली पोरं विकून आलेला पैसा क्लबपर्यंत पोहोचलाच नव्हता.

युगोस्लाव्हिया फुटल्यावर, १९९२ नंतरच्या तिथल्या विजेत्यांची यादी वाचली, तर रेड स्टार, पार्टिझान, पुन्हा रेड स्टार, पुन्हा पार्टिझान असंच चालू राहतं. मध्ये एकदाच, १९९८ पुढे, ओबिलिच हे नाव येतं. ते वाचताना माझं मन मात्र मागे जातं, युद्धानंतरच्या त्या काही वर्षांकडे, जेव्हा या क्लबकडे ना वीराचं नाव होतं, ना धनी, ना करंडक. चुबुरात्स. चुबुराचा माणूस.

नमस्कार.