अंगठ्याचं काम पायांकडे

(नागपुरात लक्ष्मीनगरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, नमस्कार. दिवसभराच्या या उकाड्यानंतर तुम्ही घराबाहेर पडलात, त्याबद्दल आधी आभार. समोर सतरंजीवर जी अंथरली आहे ती डान्स मॅट. बाण काढलेली प्लास्टिकची चटई, एक वायर आणि तिच्या टोकाला यूएसबीची पिन. माझा लॅपटॉप आज एमुलेटरच्या, म्हणजे जुन्या कन्सोलची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, साहाय्याने तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा गेम कन्सोल होणार आहे आणि ही चटई त्याचा कंट्रोलर.

मी याच्या नादी लागलो तो माझ्या भाचीमुळे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे होती. दुपारी बाहेर पाठवायची सोय नाही, घरात कूलरसमोर बसून मोबाईल. मी माळ्यावरची जुनी प्लेस्टेशनची मॅट काढली, बर्डीच्या बाजारातून एक अ‍ॅडॉप्टर, म्हणजे जुनी पिन यूएसबीत बसवणारी डबी, आणला आणि लॅपटॉपला जोडली. डान्सच्या गेममध्ये गाणं वाजतं, पडद्यावर बाण येतात आणि तालावर त्याच बाणावर पाय द्यायचा. एकेक बाण छान चालत होता. गाण्यात डावा आणि उजवा बाण एकदम आला की मात्र काहीच नोंद होईना. ती म्हणाली, "मामा, मी उडी मारून राहिली, पण त्याले दिसूनच नाही राहिलं." दुकानदाराचं म्हणणं, मॅट खराब आहे. मॅट चांगली होती. ते समजायला मला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत जे कळलं तेच आज सांगायचं आहे.

जुन्या कंट्रोलरवरचं दिशांचं बटण आठवा, अधिकच्या चिन्हासारखं. ते एका अंगठ्यासाठी घडवलेलं आहे. अंगठा डावीकडे असेल तर उजवीकडे असू शकत नाही. म्हणून पुष्कळ स्वस्त अ‍ॅडॉप्टर डावं-उजवं ही दोन बटणं संगणकाला एकाच पट्टीवरचा आकडा म्हणून कळवतात: डावीकडे दाबलं तर उणे, उजवीकडे दाबलं तर अधिक, काहीच नाही तर शून्य. आता भाचीने दोन्ही पाय एकदम टेकवले. उणे आणि अधिक मिळून शून्य. मुलगी हवेतून खाली आली, आणि संगणकाच्या लेखी चटईवर कोणीच नाही.

मूळ प्लेस्टेशनमध्ये ही अडचण नव्हती. तिथे प्रत्येक बटणाला स्वतःचं एक बिट, म्हणजे हो-नाहीची स्वतंत्र खूण, आहे. चारही बाण एकदम दाबले तरी चारही कळतात. कोनामीने १९९८ मध्ये डान्स डान्स रिव्होल्यूशन आर्केडमध्ये आणला आणि १९९९ मध्ये तो प्लेस्टेशनवर, घरातल्या चटईवर आला. माहिती हरवते ती मधल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये. तपासायला सोपं आहे. विंडोजमध्ये रन ही चौकट उघडून जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप करा आणि आपल्या कंट्रोलरचे गुणधर्म उघडा. बाणावर पाय दिल्यावर चौकटीतलं अधिकचं चिन्ह सरकलं, तर दिशा पट्टीवर जात आहेत. क्रमांकाचा लाल दिवा लागला, तर त्या बटणं म्हणून जात आहेत, आणि आपल्याला हेच हवं. अ‍ॅडॉप्टर घेताना दुकानातच लॅपटॉप उघडून हे बघा. संकोच करू नका, पैसे आपले आहेत.

हाच अंगठा एमुलेटरच्या आतही बसलेला असतो. काही एमुलेटर उलट दिशा एकत्र आल्या की मुद्दाम एक गाळून टाकतात, कारण खऱ्या कंट्रोलरवर ते शक्य नव्हतं आणि काही जुने गेम त्याने भरकटतात. एफसीईयूएक्स या निन्तेन्दोच्या जुन्या कन्सोलच्या एमुलेटरमध्ये डावं-उजवं एकत्र चालू देण्याचा पर्याय आहे. मॅटसाठी तो चालू करायचा.

आता थोडं मागे जाऊ. पायाने खेळायची कल्पना डान्सच्या आधीची आहे. बांदाईने १९८६ मध्ये जपानात फॅमिली ट्रेनर ही चटई काढली, आणि १९८८ मध्ये निन्तेन्दोने अमेरिकेत ती पॉवर पॅड म्हणून विकली. तिच्यावर बारा खुणा होत्या. साध्या कंट्रोलरवर बटणं आठ, म्हणून ही चटई दोन वेगळ्या तारांवरून माहिती पाठवायची, एकीवर आठ आणि दुसरीवर चार. त्यामुळे एमुलेटरला दुसऱ्या पोर्टवर, म्हणजे कंट्रोलर जोडायच्या दुसऱ्या जागी, पॉवर पॅड लावला आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. एफसीईयूएक्स आणि मेसेन या दोन्ही एमुलेटरांत ती सोय आहे. नाहीतर गेम चटईची वाट बघत बसतो आणि आपण वायर तपासत बसतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथेच आहे. त्या चटईवरच्या शर्यतींच्या गेममध्ये उडी म्हणजे दोन्ही पाय चटईवरून उचलणं. सगळी बटणं सुटली की खेळाडू हवेत. डान्सच्या गेममध्ये उडी म्हणजे दोन बाण एकदम दाबणं. एकात उडी निघताना मोजली जाते, दुसऱ्यात टेकताना. शर्यतीत मुलं चटईवरून चक्क बाहेर पाय ठेवून लांब उडी लांबवायची, आणि बिचारा गेम ती मोजत राहायचा!

आपल्या मॅटवर तो शर्यतीचा गेम एका खेळाडूपुरता चालतो. धावण्यासाठी आळीपाळीने दोनच खुणा लागतात; त्या डाव्या-उजव्या बाणांवर लावल्या की झालं.

तुम्ही विचाराल, मारिओ चालेल का? चालेल, पण १९८५ च्या त्या गेममध्ये वेगाने पळून उडी मारायची तर दिशा, पळणं आणि उडी अशी तीन बटणं एकाच वेळी लागतात, आणि पाय दोन. म्हणून मी सुरुवात पॅक-मॅनने करायला सांगतो. चार दिशा, दुसरं काही नाही. एकदा दिशा दिली की तो स्वतःच चालत राहतो, पायाला पुढचा विचार करायला वेळ मिळतो. त्यानंतर टेट्रिस. माझ्या आईने सत्तरी ओलांडल्यावर खुर्चीत बसून पायांनी टेट्रिस खेळला आहे, आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही.

उशीर हा दुसरा मोठा विषय. जुना कन्सोल सेकंदाला साधारण साठ चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद. स्टेपमेनिया या मोफत डान्स गेममध्ये मूळ सेटिंगला सर्वोत्तम गुण हवा असेल तर पाय ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे साडेबावीस मिलिसेकंदांत पडायला हवा. आता आजचा टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो, त्यावर ब्लूटूथ स्पीकर लावला तर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे. पोरगं तालात नाचतं आणि गेम म्हणतो चुकलास. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मुलं स्वतःला दोष देतात. टीव्हीवर गेम मोड लावा, स्पीकर वायरचा लावा. स्टेपमेनियात उरलेला ठरावीक उशीर आकडा टाकून भरून काढता येतो. ताल आधीच कानात असतो, म्हणून तिथे ते जमतं. पॅक-मॅनमध्ये अचानक समोर आलेल्या भुताला चुकवायचं असेल तेव्हा मात्र प्रत्येक मिलिसेकंद अंगावर येतो. त्यासाठी रेट्रोआर्च या अनेक एमुलेटर एकत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रन-अहेड ही सोय आहे; ती पुढची चित्रं आधीच काढून ठेवून गेमच्या आतला उशीर कमी करते.

राहिली आपल्या गावाची हवा. मॅटच्या आत दोन पातळ पडदे असतात, त्यांवर वीज वाहणारे पट्टे, आणि मध्ये भोकं पाडलेला फोम. पाय पडला की भोकातून पडदे टेकतात. उन्हात ठेवली तर प्लास्टिक नरम पडून सुरकुत्या येतात, आणि सुरकुतीत बाण दबलेलाच राहतो. कूलरच्या थेट झोतात ठेवली तर दमट होऊन तळव्याला चिकटते. गच्चीवर वाळवायचा मोह टाळा, आणि घडी न करता गुंडाळून ठेवा. फरशीवर ती सरकते, म्हणून मी खाली प्लायवूड घेऊन चारही बाजूंनी टेप मारली आहे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर प्लायखाली जाड रबर टाका आणि दुपारी दोन ते चार खेळू नका, खालच्या मजल्यावर कोणीतरी झोपलेलं असतं.

बरं, पॅक-मॅन सुरू केला आहे. पहिल्या रांगेतल्या काकू, तुम्ही या. चप्पल तिथेच काढा. मध्ये उभ्या राहा, पाय बाणावर नको. हं, आता डावा.