तुटलेला पाय पुन्हा येतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात वेताळ टेकडीवर साचलेल्या पाण्यापाशी थांबून पाहिलंत, तर बेडकांची पिल्लं दिसतील. शेपटीच्या मुळाशी दोन बारीक कोंब फुटलेले असतात, तेच पुढे मागचे पाय होतात. या कोवळ्या वयात त्यातला एक तुटला तर पुन्हा येतो. बेडूक होऊन जमिनीवर आल्यावर मात्र येत नाही.

मधल्या दिवसांत पिल्लाच्या रक्तात थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक (हॉर्मोन), चढत जातं. शेपूट जिरते, कल्ले जातात आणि पाय परत उगवण्याची ताकदही ओसरते. मेक्सिकोतला अ‍ॅक्सोलॉटल हा बेडकाच्या नात्यातला, शेपटीवाला उभयचर प्राणी थायरॉक्सिन कमी असल्यामुळे जन्मभर कल्ल्यांसह पाण्यात राहतो आणि तुटलेला पाय बोटांसकट परत उगवतो. त्याला बाहेरून थायरॉक्सिन दिलं की तो जमिनीवरचा प्राणी होतो. मग त्याचा पाय फार सावकाश उगवतो, बोटंही नीट येत नाहीत.

म्हणून थायरॉक्सिनला खलनायक ठरवू नका. न्यूट नावाच्या अ‍ॅक्सोलॉटलच्या भाईबंदाची पीयूष ग्रंथी (मेंदूच्या तळाशी असलेली, संप्रेरकं सोडणारी ग्रंथी) काढून लगेच पाय कापला, तर जखमेवर नुसती कातडी धरते. अशा न्यूटला प्रोलॅक्टिन हे पीयूष ग्रंथीचं संप्रेरक आणि थायरॉक्सिन जोडीनं दिलं की जखमेच्या टोकाशी पेशींचा गोळा जमतो आणि त्यातून हाड, स्नायू, बोटं घडू लागतात. मला यातली ही जोडीची गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

आहाराचा हात इथे सगळीकडे आहे. थायरॉक्सिन बनायला आयोडीन लागतं, ते अन्नापाण्यातूनच मिळतं. पेशींचा तो गोळा काचेच्या बशीत वाढवायचा, तर पोषक द्रवात इन्सुलिन हे संप्रेरकही घालावं लागतं. नुसत्या खुराकावर तो नीट वाढत नाही.

आणि अ जीवनसत्त्व! भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंबदा मोहंती-हेजमाडी (ओडिसी नृत्यातलंही हे मोठं नाव) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या पिल्लांची शेपटी कापून त्यांना अ जीवनसत्त्व मिसळलेल्या पाण्यात ठेवलं. कापल्या जागी शेपटीऐवजी चक्क पाय उगवले! 1992 साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं. या जीवनसत्त्वापासून शरीरात रेटिनॉइक आम्ल तयार होतं, आणि कुठे काय घडायचं हे पेशींना त्याच्याकडून कळतं. आईच्या पोटातल्या बाळाच्या घडणीतही हेच आम्ल काम करतं. म्हणून गरोदरपणी अ जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.