दुर् आणि आंत्र

नमस्कार, श्रोतेहो.

गेली २२ वर्षं मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. पहिल्या वर्षाच्या वर्गात बऱ्याच जणी मराठी माध्यमातून आलेल्या असतात. शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक उघडलं की त्यांचे चेहरे उतरतात. मग रात्ररात्र घोकंपट्टी चालते, आणि पेपरात 'हायपर'च्या जागी 'हायपो' लिहिलं जातं. आज मी त्या मुलींसाठी वैद्यकातल्या अवघड शब्दांबद्दल बोलणार आहे. आणि आपल्या माणसाच्या केसपेपरवरचं काहीच कळत नाही म्हणून दवाखान्याच्या बाकावर घाबरून बसलेल्या तुमच्याआमच्यासाठीही.

'ज्ञान'चा उलट शब्द 'अज्ञान'. मग 'आदर'चा? 'अआदर' असं कुणी म्हणत नाही, 'अनादर' म्हणतो. पुढे स्वर आला की 'अ'चा 'अन्' होतो, हे आपल्या जिभेला उपजत ठाऊक असतं. वैद्यकातले बरेच शब्द ज्या ग्रीक भाषेतून आले, तिचाही अगदी हाच नियम आहे! वाचा गेली की 'अफेजिया'. तिथे व्यंजन आहे, म्हणून नुसता 'अ'. रक्ताला ग्रीकमध्ये 'हैमा' म्हणतात. जोडताना त्यातला 'ह' गळाला, पुढे स्वर उरला, म्हणून 'अन्' लागला आणि शब्द झाला 'ॲनिमिया'. आपण त्याला रक्तक्षय म्हणतो.

हा योगायोग नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतल्या भाषणात मांडलं. आज ते सर्वमान्य आहे. म्हणजे वैद्यकाच्या या शब्दांशी आपलं जुनं नातं आहे. आव पडते तेव्हा डॉक्टर 'डिसेंट्री' लिहितात. त्यातलं 'डिस्' म्हणजे दुर्बल, दुर्गंधी, दुष्काळ यांतला आपला 'दुस्' किंवा 'दुर्'. पुढचं 'एंटेरॉन' म्हणजे आतडं, संस्कृतातलं 'आंत्र'. दुर् आणि आंत्र! मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी एकटीच कितीतरी वेळ तो शब्द मोठ्यानं म्हणत बसले होते. हाडाला 'ऑस्टिऑन', आपली अस्थी. गुडघ्याला 'गोनु', आपलं जानू. हृदयाला 'कार्डिया'. कान देऊन ऐकलंत तर ही भावंडं ओळखू येतात.

आता तो हायपर-हायपोचा घोळ. यात चूक झाली तर जिवावर बेतू शकतं. आमच्या शेजारच्या एका काकूंना मधुमेह होता. एकदा त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. आदल्या वेळच्या कागदावर 'हायपोग्लायसेमिया' लिहिलेलं होतं, पण मुलाला वाटलं, साखर वाढली असणार. त्यानं समोरचा चहासुद्धा उचलून ठेवला. मी वेळेवर पोचले, साखरपाणी पाजलं, म्हणून निभावलं. म्हणून सांगते, 'हायपर' म्हणजे संस्कृतातलं 'उपरि', वर. 'हायपो' म्हणजे 'उप'. उपाध्यक्ष अध्यक्षाच्या खाली असतो ना? तसं हायपो, खाली. ग्लायसेमियात गोडाचा 'ग्लाय' आहे आणि रक्ताचा 'एमिया'. रक्तातली साखर खाली गेली, एवढाच त्याचा अर्थ.

शस्त्रक्रियांची नावं शेवटाकडून वाचायची. ग्रीकमध्ये 'टोमे' म्हणजे कापणं. ज्याचे तुकडे होत नाहीत तो 'ॲटम', हा शब्दही तिथलाच, आणि त्यातही आपला नकाराचा 'अ' बसलेला आहेच. शेवटी 'टॉमी' असेल तर छेद घेतला. 'एक्टॉमी' असेल तर 'एक्', म्हणजे बाहेर. कापून काढून टाकलं, जसं ॲपेंडिक्स. आणि 'ऑस्टॉमी' असेल तर त्यात 'स्टोमा' आहे, म्हणजे तोंड. कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याला पोटावर नवं तोंड करून देतात. दोन-तीन अक्षरांचा फरक, पण घरी आल्यावर त्या माणसाची काळजी कशी घ्यायची ते त्यावर ठरतं.

मात्र फोड करताना घाई नको. 'ऑर्थोपेडिक'मधला 'पेड' पायाचा, असं पुष्कळांना वाटतं. पेडिक्युअरमधला 'पेड' खरोखर पायाचाच आहे, लॅटिन, आपल्या 'पद'चा सख्खा. पण ऑर्थोपेडिकमधला ग्रीक आहे, आणि त्याचा अर्थ मूल! निकोला आंद्री या फ्रेंच वैद्यानं १७४१ साली हा शब्द घडवला तो मुलांची वाकडी वाढणारी शरीरं सरळ करण्याच्या विद्येसाठी. 'ऑर्थो' म्हणजे सरळ. त्याच्या पुस्तकात वाकड्या झाडाला खुंटाशी बांधल्याचं चित्र आहे. हाडांच्या डॉक्टरांच्या संघटना आजही ते झाड बोधचिन्ह म्हणून वापरतात.

मागच्या वर्षी वॉर्डात एक मुलगी माझ्यामागे उभी होती. पहिल्या चाचणीत नापास झालेली, गप्प गप्प राहणारी. खाटेवरच्या एका बाबांच्या केसपेपरवर 'हेमॅच्युरिया' लिहिलं होतं. हा शब्द मी वर्गात घेतलाच नव्हता. ती पुटपुटली, "हैमा... रक्त. युरिया म्हणजे लघवी." मग थोडी थांबून म्हणाली, "मॅडम, बाबांना लघवीतून रक्त जातंय का?"

मी तो केसपेपर तिच्या हातात दिला आणि बाजूला सरकले. ती खाटेजवळ गेली आणि त्या बाबांशी बोलू लागली.

नमस्कार.